पुटपुटणारी पिढी

१२ मार्च १९५६, सोमवार

युद्ध संपल्यावर दैनंदिनी सोडली होती, कारण लिहिण्यासारखं काही घडेना. बटलर, बिशप, दुसऱ्या दृश्यात मरणारा काका, यापलीकडे मला कुणी काही देत नव्हतं. आता दिलंय. एका खेड्यातल्या न्यायाधीशाची भूमिका आहे. त्याचा मुलगा लंडनहून घरी येतो, त्यानं सरकारी गुपितं विकली अशी कुजबुज असते, आणि बापानं त्याला पाठीशी घालायचं की पोलिसांच्या हवाली करायचं, असा पेच. जवळजवळ प्रत्येक दृश्यात मी आहे. आमचा निर्माता हॅल्डन म्हणाला, "हे जमलं, अँब्रोज, की पुढच्या तीन सिनेमांचा करार तयार ठेवलाय." टेलिफोनवर म्हणाला. टेलिफोनवर माणसं स्वच्छ बोलतात. समोर आली की त्यांच्या तोंडात मिठाची गुळणी.

आज स्टुडिओत पहिलं वाचन झालं. माझ्या मुलाचं काम करणारा पोरगा डेन्झिल पेंगेली. कॉर्नवॉलचा, पंचविशीचा, कंगव्याशी ओळख नसलेला. हा मोठा गुणी नट आहे असं मला सांगण्यात आलं. मला त्याचे ओठ हललेले दिसले, बाकी गुण काही हाती लागला नाही. हल्ली ही फॅशनच झालीय. स्पष्ट बोलणं म्हणजे खोटं बोलणं, असं ही पोरं मानतात. आम्हाला शिकवलं होतं की गॅलरीच्या शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हातारीलाही तिच्या तिकिटाचं चीज झालं पाहिजे.

दिग्दर्शक पासमोर त्यातलाच. सूचना अशा देतो की शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे. टेबलाभोवतीचे सगळे हसले तेव्हा मीही हसलो. कशाला हसले ते कळलं नाही, पण पासमोरनं माझ्याकडे पाहिलं होतं.

१५ मार्च

पहिला शॉट. पूर्वी 'अॅक्शन' म्हटलं की छपरावरची कबुतरं उडायची. पासमोर ते स्वतःच्या कॉलरला सांगतो. मी उभाच राहिलो. सहायकानं माझ्या खांद्याला हात लावला, मी त्याला म्हटलं, "अरे, सुरू करायचं असेल तर तोंड उघडा!" सगळे एकमेकांकडे बघत होते.

मला इथे नक्की कुणी आणलं? हॅल्डननं. पासमोरला दुसरा कुणीतरी हवा असणार. कुठंतरी पाणी मुरतंय.

या सगळ्या गोतावळ्यात एकच माणूस सरळ आहे, तो म्हणजे पर्सी. माझे कपडे सांभाळतो. पूर्व लंडनचा, पूर्वी बाजारात मासळी विकायचा. त्याचा शब्द अन् शब्द कळतो.

"मालक," तो आज माझी बटणं लावताना म्हणाला, "तुम्ही ते डोळे वटारून सहायकाला बोललात ना, तो बिचारा बाहेर जाऊन सिगारेट उलटी पेटवत होता!"

"त्यानं स्पष्ट बोलावं."

"ते खरंच. मी तर झोपेतपण स्पष्ट बोलतो. बायको दुसऱ्या खोलीत झोपते."

माणूस सरळ असला की आवाजही सरळ असतो, हा माझा जुना अनुभव आहे.

२१ मार्च

हेस्टरनं नवी शिट्टीची किटली आणलीय. दुकानदारानं फसवलं तिला. आज ती बागेत होती, मी स्वयंपाकघराशेजारी संवाद पाठ करत बसलो होतो, आणि किटली पाणी आटून काळी ठिक्कर पडली तरी तिची शिट्टी वाजली नाही. हेस्टर धावत आली. म्हणे गल्लीच्या टोकापर्यंत आवाज येत होता. माझ्या डोळ्यांत बघून असं धडधडीत बोलते! एकोणतीस वर्षांच्या संसारात ही सवय तिला नव्हती.

बागेत यंदा पक्षीही नाहीत. दर वर्षी या दिवसांत काळी कस्तुरं पहाटेपासून डोकं उठवतात. शेजारच्या मिस ऑडलीच्या मांजरीवर माझा संशय आहे. कुंपणावरून तिला तसं सांगितलं. ती झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखवत काहीबाही पुटपुटली आणि आत गेली. चोराच्या मनात चांदणं.

२८ मार्च

वाईट आठवडा. डेन्झिलचं वाक्य कुठे संपतं तेच समजत नाही. मी बोलायला लागलो की त्याचं चालूच असतं, थांबलो की तो माझ्या तोंडाकडे बघत बसतो. पासमोर पुन्हा पुन्हा तोच टेक घ्यायला लावतो. मी सांगितलं, "त्याला वाक्याला शेपूट ठेवायला शिकवा." पासमोर काहीतरी गोड बोलला. गोड होतं हे त्याच्या भुवयांवरून कळलं.

जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये शिरलो तेव्हा हे दोघं एका टेबलावर डोकी जुळवून बसले होते. मी दिसताच वेगळे झाले. पासमोर उठून इतक्या मोठ्या आवाजात "या, या, थर्लबीसाहेब!" म्हणाला की माझी खात्रीच पटली. निष्पाप माणूस एवढं ओरडत नाही.

संध्याकाळी हेस्टर म्हणाली, "अँब्रोज, विंपोल स्ट्रीटच्या त्या डॉक्टरला एकदा कान दाखवून ये ना."

माझं टाळकंच सरकलं. आज दिवसभर माझी वाक्यं बिघडली हे हिला घरबसल्या कसं समजलं? मी म्हटलं, "माझ्या कानांआधी तू तुझी जीभ तपासून घे." ती खिडकीबाहेर बघत बसली. मग मला वाईट वाटलं. पण प्रश्न उरतोच. स्टुडिओतलं तिला कोण सांगतं?

४ एप्रिल

एका मासिकाची बाई मुलाखतीला आली होती. तिची टोपी मोठी आणि आवाज सुईएवढा. मी तिला प्रश्न विचारायची फारशी संधीच दिली नाही, हा उत्तम उपाय आहे. सगळं क्रमानं सांगून टाकलं. हल बंदरावर वडील मासळीचे लिलाव पुकारायचे, त्यांचा आवाज मला वारशानं मिळाला. सोळाव्या वर्षी फिरत्या नाटक मंडळीत गेलो. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होतो, चार वर्षं तोफेच्या कुशीत काढली, अंगावर ओरखडा नाही. मग मुके सिनेमे. त्यात मी साफ आपटलो. नुसता चेहरा माझ्या काय कामाचा? पडद्यावर मी काचेतल्या माशासारखा तोंड उघडमिट करायचो. बोलपट आले आणि माझं नशीब उघडलं. "थर्लबीचा आवाज" हीच जाहिरात असायची. दुसऱ्या युद्धाच्या काळात एका सिनेमात विनाशिकेचा, म्हणजे लढाऊ जहाजाचा, कप्तान झालो, तेव्हापासून आजही रस्त्यात लोक मला "कॅप्टन" म्हणून सलाम ठोकतात.

बाईनं वहीतून मान वर करून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हो, समुद्र मला नेहमीच आवडला." ती गोंधळली. मग तिनं तेही लिहून घेतलं. निघताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला, आजारी माणसाचा धरतात तसा. या बायकांना काय झालंय कळत नाही.

७ एप्रिल, शनिवार



चित्रीकरण नव्हतं. हेस्टर म्हणाली रिचमंडला लोकर आणायला जाते. मी थोड्याच वेळात पाय मोकळे करायला म्हणून बस पकडली. ठीक आहे, खोटं कशाला लिहू, तिच्या मागावरच गेलो. पुलाजवळच्या चहाच्या दुकानाची खिडकी रस्त्यावर आहे. आत हेस्टर बसली होती. आणि तिच्यासमोर डेन्झिल पेंगेली.

लोकर कुठेच नव्हती. हेस्टर पुढे झुकून बोलत होती. तो मान हलवत होता. मग तिनं हात लांब करून त्याच्या टायची गाठ नीट केली. केली आणि मागे होऊन बघितली. मग त्यानं स्वतः गाठीला हात लावला, आणि दोघं हसले.

हेस्टर अठ्ठावन्न वर्षांची आहे. तरी.

रात्रीच्या जेवणाला तिनं मटणाची पाई केली होती. म्हणाली, लोकर मनासारखी मिळाली नाही.

९ एप्रिल, सोमवार

माझ्या तोंडावर! कॅमेऱ्यासमोर!

हिरवळीवरच्या न्याहारीचं दृश्य होतं, बाहेर, बकिंगहॅमशरमधल्या एका घरी. डेन्झिलनं आपलं वाक्य म्हटलं आणि ते संपता संपता टायच्या गाठीला बोट लावलं. पुढच्या वाक्याला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. हेस्टरनं जिथे हात लावला होता, नेमकं तिथेच. मला डिवचतोय. आणि वर प्रेक्षकाची नजर चोरतोय. दुसऱ्याची पाळी आली की हात हलवायचा नाही, हे आमच्या धंद्यात दूध पिणारं पोरसुद्धा जाणतं. रुमाल काढणं, खोकणं, टाय चाचपणं, या सगळ्या सभ्य चोऱ्या आहेत. कानामागून आली नि तिखट झाली, ती ही.

गंमत म्हणजे काम उत्तम झालं. रागानं माझं सगळं लक्ष त्याच्या त्या बोटावर होतं आणि माझी वाक्यं एकापाठोपाठ एक अचूक जागी पडत गेली. पासमोर चक्क नाचला. नंतर म्हणाला (जवळ येऊन, तोंड माझ्यासमोर धरून, हे नवीनच) की वरून विमान गेलं, आवाज नंतर स्टुडिओत भरावा लागेल. विमान? मी तिथेच तर होतो. कसलं विमान? आवाज पुन्हा भरायचा म्हणजे माझी वाक्यं बदलायची सोय.

१८ एप्रिल

दहा दिवस काम सुरेख चाललंय. असं काम मी विनाशिकेच्या सिनेमानंतर केलं नव्हतं. हॅल्डननं आतापर्यंत चित्रित झालेले तुकडे पाहून टेलिफोन केला, करार टाइप व्हायला दिलाय म्हणाला. मी आनंदात असायला हवा. पण रोज सकाळी ते बोट त्या गाठीकडे जातं. रात्री हेस्टर विचारते, "आज कसं झालं रे?" आणि उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी हसते.

"उत्तम," मी म्हणतो.

"मला वाटलंच होतं."

कशावरून वाटलं होतं, हे मात्र विचारायला माझी जीभ रेटत नाही. उत्तर मिळालं तर काय करू?

२३ एप्रिल

हॅल्डनला सांगितलं. हेस्टरचं नाव काढलं नाही. एवढंच म्हटलं की हा पोरगा माझ्या प्रत्येक वाक्याआधी टाय चाचपून दृश्य पळवतो, आणि चाळीस वर्षं धंद्यात काढलेल्या माणसाला हा अपमान सहन होत नाही. एक तर त्याचं बोट थांबेल, नाहीतर मी.

हॅल्डन सभ्य माणूस. त्यानं डेन्झिलला खोलीत बोलावलं. दार बंद होतं. पोरगा बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल होते. माझ्यासमोर क्षणभर थांबला आणि निघून गेला.

पर्सी म्हणाला, "मालक, त्यानं स्वतःची बाजू मांडलीच नाही म्हणे. नुसता 'सॉरी' म्हणाला."

"बाजू असती तर मांडली असती."

पर्सीनं माझा कोट झटकला, जरा जास्तच जोरात. "असेल बुवा. नाचता येईना अंगण वाकडं, असं माझी आई म्हणायची. कोणाबद्दल म्हणायची आठवत नाही."

हा माणूसही फुटला की काय?

२ मे

बोट थांबलं. आणि सगळंच थांबलं.

खोपटीचं दृश्य घेत होतो. बागेतल्या अवजारांच्या खोपटीत मुलगा बापाला सगळं सांगून टाकतो. डेन्झिलचं एकच मोठं दृश्य, बाकी सिनेमाभर तो टोस्ट खातो नि खिडकीबाहेर बघतो. ते लांबलचक भाषण तो मध्येमध्ये थांबत, श्वास घेत, खाली बघत म्हणतो. तो थांबला की मी बोलायचो, आणि पासमोर हात वर करायचा. म्हणजे संपलेलं नसायचं. पुन्हा. मग मी वाट बघत राहायचो आणि सगळे माझ्याकडे बघत राहायचे. म्हणजे संपलेलं असायचं. पोरगा मुद्दाम खड्डे खणतोय असं मला वाटलं, मी तसं सर्वांसमोर बोललो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नट आहे, आणता येतं.

५ मे

पासमोरनं आम्हा दोघांना वेगवेगळं उभं करून दृश्य घेऊन पाहिलं. जुळलं नाही. आज कळलं, पर्सीकडून, की खोपटीचं दृश्य सिनेमातून काढूनच टाकलंय. पासमोर म्हणे दात पडलेल्या तोंडासारखा सिनेमा दिसणार म्हणून हळहळतोय.

मी जिंकलो. डेन्झिल आता त्या सिनेमात जेमतेम आहे. आज त्याचा शेवटचा दिवस होता. सर्वांशी हस्तांदोलन करून तो माझ्याकडे आला, बराच वेळ काहीतरी बोलला. प्रकाशाकडे त्याची पाठ होती, मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. मी "बरं, बरं" म्हटलं.

घरी हेस्टर माझ्याशी बोलली नाही. तिला कळलंय तर. मी समाधानानं जेवायला बसलो आणि ताट तसंच ठेवून उठलो.

५ जून, मंगळवार

काय लिहू. क्रमानंच लिहितो.

हिरवळीवरच्या न्याहारीचा आवाज भरायला आज बोलावलं होतं. काळोखी खोली, समोर पडदा, फिल्मचा तुकडा दोन्ही टोकं जोडून फिरत ठेवलेला, म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा येतं. कानाला मोठे हेडफोन लावायचे, त्या दिवशीचा मूळ आवाज ऐकायचा, आणि पडद्यावरच्या आपल्याच ओठांवर आपलं वाक्य बसवायचं. ही पद्धत माझ्यासाठी नवी आहे, आम्ही जे बोलायचो ते तिथल्या तिथे बोलायचो. मशीनवरच्या मुलीनं हेडफोन माझ्या डोक्यावर बसवले, मला खुणेनं विचारलं, मी आवाज वाढवायला सांगितला. आणखी. आणखी. ती थांबली, काचेआडच्या माणसाकडे वळून बघितलं, आणि वाढवला.

पडद्यावर हिरवळ आली आणि माझ्या कानात विमान शिरलं. एवढं मोठं की मी खुर्चीत दचकलो. डोक्यावरून गेलं असणार, छपराला टेकून. आणि त्या घरघराटावरून, वेगळा, शुद्ध, माझ्या मुलाचा आवाज. डेन्झिलचा. एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. तो पुटपुटत नव्हता. तो कधीच पुटपुटत नव्हता. सुरेख, खोल आवाज आहे पोराचा. वाक्याला शेपूट होतं. माझ्या काळच्या कुठल्याही मास्तरनं त्याला शाबासकी दिली असती.

आणि मागे काहीतरी टिवटिव चाललं होतं. मी मुलीला विचारलं हे काय. तिनं पाटीवर खडूनं लिहून दाखवलं, "पक्षी."

मग मी पडद्याकडे नीट पाहिलं. त्याचं वाक्य संपतं, बोट गाठीला लागतं. आणि तिकडे मी, अंड्यावर चमचा धरून, डोळे त्याच्या गाठीवर लावून बसलेला. बोट हललं की मी बोलतो. आधी नाही, नंतर नाही. ताटकळलेल्या कुत्र्यासारखा मी त्या बोटाची वाट बघतोय. फिल्म फिरत होती, पुन्हा तेच, पुन्हा तेच. मी एकही वाक्य म्हटलं नाही.

हेडफोन काढले. वाटलं मशीन बंद केलं. पण पडद्यावर हिरवळ चालूच होती, मुलीचे ओठ हलत होते, काचेआड माणूस माझ्याकडे बोलत होता, आणि खोलीत चिटपाखराचा आवाज नव्हता. पुन्हा लावले, विमान. काढले, काही नाही.

आपलंच नाणं खोटं निघालं.

६ जून

हेस्टर बागेत वाटाणे सोलत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"टायचं त्याला तू सांगितलंस?"

तिनं मान खाली ठेवूनच काहीतरी म्हटलं. मी म्हटलं, "हेस्टर, वर बघून बोल. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. तिनं वाटाण्यांचं भांडं खाली ठेवलं आणि वर पाहिलं.

"हो, मी सांगितलं," ती म्हणाली. "तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, सरांना कळू न देता काय करता येईल? मी रंगभूमीवर असताना आमच्यात एक म्हातारा होता, त्याला आम्ही अशीच खूण करायचो. टाय म्हणजे कुणाला खटकायचं नाही, वाटलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू मला माझी जीभ तपासायला सांगितलंस."

"अजून कुणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना, अँब्रोज. पोस्टमनलासुद्धा."

म्हणजे कुणीच मला तोंडावर बोललं नाही. आम्ही इंग्रज असेच. माणूस बुडत असला तरी आधी त्याची ओळख करून देतील मग दोर टाकतील. पण तिला नावं ठेवायला मला तोंड नव्हतं. मग मी तेही सांगून टाकलं, रिचमंडची खिडकी, आणि मला काय वाटलं होतं ते.

ती आधी एवढी हसली की वाटाणे गवतात सांडले. "अरे, त्याची आई माझ्याहून लहान आहे!" मग एकदम थांबली. "आणि दोन महिने तू हे मनात ठेवून माझ्या हातचं जेवत होतास?"

मी हो म्हटलं. तिनं माझ्या दंडावर मारलं, थट्टेतलं नव्हे, चांगलं दुखलं. मग तिथेच डोकं टेकून रडली. मला तिचं रडणंही ऐकू येत नव्हतं, फक्त दंडाला कळत होतं. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

८ जून

हॅल्डनच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, खोपटीचं दृश्य पुन्हा घ्यायचं. तो म्हणाला कारण काय? कॅमेऱ्यात बिघाड होता असं सांगता आलं असतं, सकाळी भेटलो तेव्हा पासमोरनं तशी तयारीही दाखवली होती. पण मग डेन्झिलवरचा ठपका तसाच राहिला असता. त्याचं नाव हॅल्डनच्या मनात 'दृश्यं पळवणारा' असंच राहिलं असतं, आणि हॅल्डनचं मन म्हणजे निम्म्या लंडनचं मन.

मी म्हटलं, "मी बहिरा आहे, म्हणून. पोरगा मला खूण करत होता. मी त्याच्यावर आळ घेतला."

हॅल्डन उठून माझ्यासमोर येऊन बसला. सावकाश, तोंड नीट हलवत बोलला. "अँब्रोज, हे मी आता ऐकलं नाही असं मला करता येणार नाही. प्रत्येक सिनेमाआधी विम्याचा डॉक्टर तपासतो. तो करार…"

"कळतंय मला."

"तिन्ही सिनेमे जातील."

"मला कळतंय म्हटलं ना! लाकडी खोपटी आहे गोदामात, ती उभी कर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुझा आवाज मात्र अजून दणदणीत आहे," तो म्हणाला. मी बाहेर आलो. मला तो करार हवा होता. देवाशपथ, फार हवा होता.

११ जून, सोमवार

खोपटी उभी केली होती. डेन्झिल लीड्सहून रात्रीच्या गाडीनं आला, तिथे कुठल्याशा नाटकात दोन वाक्यांचं काम करतोय. मला पाहून उभा राहिला.

मी म्हटलं, "टायबद्दल माझं चुकलं. शेवटच्या दिवशी तू मला काय सांगत होतास तेही मला माहीत नाही. ऐकू आलं नव्हतं."

तो लाजला. मग तोंड माझ्याकडे धरून म्हणाला, "काही विशेष नाही, सर. लहानपणी तो विनाशिकेचा सिनेमा मी चार वेळा पाहिला होता. तेवढंच सांगायचं होतं."

मी डोळ्यांना रुमाल लावला. पर्सी मध्ये पडला, "रडू नका मालक, दाढीचा डिंक सुटतो!"

मग अडचण आली. या दृश्यात मुलाच्या अंगात मच्छीमारी स्वेटर आहे, टाय नाही. पासमोर म्हणाला, दुसरी काहीतरी खूण ठरवा. डेन्झिल म्हणाला, पायानं फळी दाबतो, तुम्हाला जाणवेल. मी विचार केला. त्याच्या त्या भाषणात बापानं खूण शोधत बसायचं? बापानं मुलाकडे बघायला नको?

"काही करू नकोस," मी म्हटलं. "तू तुझं बोल. मी बघतो."

पासमोरला सांगून मी माझी जागा बदलून घेतली. कॅमेऱ्याकडे पाठ केली, म्हणजे पडद्यावर चेहरा फक्त त्याचा दिसेल. पासमोरच्या भुवया वर गेल्या. असं कुणी आपण होऊन मागत नाही.

लाल दिवा लागला. डेन्झिल बोलू लागला. मला एक शब्द ऐकू आला नाही. तो थांबला, खाली बघितलं, श्वास घेतला, पण चेहरा अजून भरलेला होता, म्हणून मी थांबलो. पुन्हा बोलू लागला. पुन्हा थांबला. त्याच्या जबड्यापाशी काहीतरी होतं जे अजून यायचं होतं. ते आलं. मग त्याचा चेहरा रिकामा झाला, सगळं सांगून झालेल्या पोराचा होतो तसा, आणि मी माझं एकमेव वाक्य म्हटलं. "घरात चल. गारठा आहे."

त्यानंतर आम्ही एकमेकांकडे बघत उभे राहिलो. पासमोरनं 'कट' कधी म्हटलं मला ठाऊक नाही. डेन्झिल हलला नाही, म्हणून मीही हललो नाही.